एका नावाचे अनेक धनी

आमच्या घरी कर्जतहून पत्र आले की आजोबा आधी पाकीट उलटसुलट करून शिक्का बघायचे. कर्जत म्हणजे आपले, राशीनच्या वाटेवरचे, ज्वारीच्या रानातले; की घाटाखालचे, जिथे भोर घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून इंजिन जोडतात ते? दोन्हीकडे आमचे सोयरे होते. बातमी आनंदाची असो वा वाईट, ती कोणत्या कर्जतची हे कळल्याशिवाय हसायचे की रडायचे ते ठरत नसे. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला आणि एका कर्जतला ४१४४०२ तर दुसऱ्याला ४१०२०१ हा आकडा मिळाला. ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. शब्दांवर जीव असलेल्या माणसाने नावांचा गुंता आकड्यांनी सोडवावा, याचे मला फार अप्रूप वाटते. एका नावाची अनेक गावे आणि एका गावाच्या नावाचे अनेक लेखनप्रकार ही या देशाच्या टपालाची रोजची अडचण होती, हे त्यांनी ओळखले होते.

पुढची पाने या गुंत्याविषयी आहेत. नावांच्या अभ्यासाला नामविज्ञान म्हणतात. त्याचे दोन मोठे भाग पडतात, स्थलनामांचा आणि व्यक्तिनामांचा. इतर भाषांत या दोन दालनांमध्ये चांगली जाड भिंत असेल. मराठीत ती कुडाची आहे. आपल्याकडे गावाचे नाव माणसाला लागते, माणसाचे वस्तीला लागते आणि वस्तीचे पुन्हा दुसऱ्या माणसाला. म्हणून या अभ्यासात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकाने दोन्ही दालनांत एकदमच शिरावे, असे माझे सांगणे आहे. त्यासाठी नगर जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा नाही. चौदा तालुक्यांचा, एका अंगाला कळसूबाईची थंडी आणि दुसऱ्या अंगाला जामखेड-पाथर्डीची कोरड. यादव, बहमनी, निजामशाही, मोगल, मराठे, इंग्रज आणि अमेरिकन मिशनरी या सगळ्यांनी इथे कोणाला ना कोणाला नाव देऊन ठेवले आहे.

सुरुवात अकोल्यापासून करू. विदर्भातले ते अकोला, प्रवरेकाठचे हे अकोले. कागदावर एका मात्रेचा फरक आहे. पण माणूस बोलायला लागला की तोही जातो. ‘मी उद्या अकोल्याला चाललो’ म्हणणारा माणूस कोणती गाडी पकडणार, हे मराठीचे व्याकरण सांगत नाही. विभक्तीचा प्रत्यय लागताच दोन्ही नावे एकरूप होतात. नगरकडची जुनी माणसे नेवासे, श्रीगोंदे, अकोले अशी नपुंसकलिंगी रूपे वापरतात; सरकारी पाटीवर नेवासा आणि श्रीगोंदा झाले. ‘नेवाशाला’ आणि ‘श्रीगोंद्याला’ म्हणताना मात्र पाटी आणि बोली यांचे भांडण मिटते. नावाचा अभ्यास करणाऱ्याने नाव केवळ प्रथमेत वाचू नये. ते वाक्यात ऐकावे.

आता गावांच्या जोडनावांकडे येऊ. या जिल्ह्यातले माझे सर्वांत आवडते प्रकरण हेच आहे. कोणत्याही एस.टी. स्थानकावर फलाटाशी उभे राहून कंडक्टरची आरोळी ऐका. राळेगण म्हणून भागत नाही. राळेगणसिद्धी, राळेगण थेरपाळ आणि राळेगण म्हसोबा अशी तीन गावे आहेत. पहिली दोन पारनेर तालुक्यात, तिसरे नगर तालुक्यात. जगाला त्यांतले एकच ठाऊक, तेही अण्णा हजारे यांच्यामुळे. हिवरे बाजार पाणलोटाच्या कामामुळे देशभर गेले, पण हिवरे झरे आणि हिवरे कोरडा हीही आपल्या जागी नांदत आहेत. पिंपळगावे तर विचारू नका. पिंपळगाव माळवी, पिंपळगाव उज्जैनी, पिंपळगाव लांडगा, पिंपळगाव कौडा. शिवाय जिल्ह्याबाहेर पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव जोगा. निमगावांची यादीही तितकीच लांब आहे: निमगाव वाघा, निमगाव घाणा, निमगाव जाळी, निमगाव पागा, निमगाव खलू, निमगाव डाकू.

पहिला शब्द झाडाचा. पिंपळ, निंब, वड, बाभूळ, चिंच, हिवर. ही माणसे पाण्याच्या आणि सावलीच्या शोधात आली आणि ज्या झाडाखाली टेकली त्याचेच नाव वस्तीला दिले. हिवराचे झाड आज कित्येक मुलांना दाखवूनही ओळखता येणार नाही, पण हिवरे नावाच्या गावांचा नकाशा काढला तर त्या झाडाचा जुना प्रदेश हाती लागण्याची शक्यता आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आणि भाषेचा विद्यार्थी यांनी एका जीपमधून फिरावे असे हे काम आहे.

दुसरा शब्द मात्र इतिहासाचा. झाडे सगळीकडे सारखी, म्हणून पहिली नावे सारखी पडली. मग महसूल गोळा करणाऱ्याला, पंचायतीच्या गोताला, लग्न जुळवणाऱ्या भटजीला वेगळेपण हवे झाले आणि नावाला शेपूट जोडले गेले. हे शेपूट कधी देवाचे, कधी घराण्याचे, कधी वतनदाराचे, कधी शेजारच्या गावाचे असते. टाकळीची कुळी पाहा: टाकळी ढोकेश्वरमध्ये लेण्यातला महादेव आहे, टाकळी काझीत न्यायाचे काम करणारा काझी आहे, टाकळी मियाँत मियाँ आहे, खातगाव टाकळीत शेजारी आहे. चिचोंडी पाटील आणि चिचोंडी शिराळ यांच्यात एकीकडे गावचा हक्कदार, दुसरीकडे गावाशेजारचे गाव. आणि जिथे हे काहीच सुचले नाही तिथे बुद्रुक आणि खुर्द. फारसीतले ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’, म्हणजे थोर आणि धाकटे, मराठी मातीत इतके मुरले की ते परके शब्द आहेत हे शेतकऱ्याला सांगितले तर तो मान हलवेल. लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्द यांच्यात थोरले-धाकटे कोणी ठरवले, तर ते वसुलीची वही लिहिणाऱ्याने. गाव मागाहून वाढले, धाकटे मोठे झाले, तरी वहीतला हुद्दा बदलला नाही.

इथे नव्या अभ्यासकाला थोडे थांबवावेसे वाटते. निमगाव पागा म्हटले की घोड्यांची पागा दिसू लागते, निमगाव घाणा म्हटले की तेलाचा घाणा, निमगाव डाकू म्हटले की दरोडेखोर. मन लगेच गोष्ट रचते. रचू द्यावी, पण वहीत शिसपेन्सिलीनेच टिपावी. शाई लावायची ती जुना कागद, शिलालेख किंवा वतनाचे फर्मान हाती आल्यावर. राळेगणचे नाते राळा या भरडधान्याशी जोडण्याचा मोह मलाही होतो, आणि तो मोह मी अनेक वर्षे शिसपेन्सिलीतच ठेवला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी महिकावतीच्या बखरीच्या प्रस्तावनेत गावांच्या नावांवरून उत्तर कोकणच्या वसाहतीचा इतिहास उलगडून दाखवला, तेव्हा मराठीत या विषयाला बळ आले. त्यांच्या व्युत्पत्ती सगळ्या टिकल्या नाहीत. पण गावाचे नाव हा पुरावा आहे, ही दृष्टी टिकली, आणि आपण सारे तिच्याच आधाराने उभे आहोत.

शिंगणापूरही असेच जोडनावाचे. शनिशिंगणापूर नेवासे तालुक्यात, शिखर शिंगणापूर सातारा जिल्ह्यात. एकीकडे शनी, दुसरीकडे शंभू महादेव. यादव राजा सिंघण याच्या नावावरून शिखर शिंगणापूर वसले अशी परंपरा आहे. म्हणजे तिथे माणसाचे नाव गावाला गेले, मग गावांची नावे सारखी झाली म्हणून वेगळे करायला देव आणि डोंगर बोलवावे लागले.

गावाचे नाव माणसाला कसे लागते, हे ‘कर’ या प्रत्ययात सामावले आहे. एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गावात राहणाऱ्याला त्या गावाचे आडनाव लागत नाही. नगरमध्ये कोण कोणाला नगरकर म्हणेल? नगर सोडून पुण्याला, मुंबईला, इंदूरला गेलेल्याला तिथले लोक नगरकर म्हणतात. म्हणून ‘कर’ हा मला निरोपाचा प्रत्यय वाटतो. कादंबरीकार किरण नगरकर मुंबईत जन्मले, मुंबईत वाढले, ‘सात सक्कं त्रेचाळीस’ लिहून मराठी गद्याला नवे वळण देऊन गेले. आडनावात मात्र आधीच्या कोणा पिढीचा नगर सोडल्याचा दाखला राहिला. पुरातत्त्वज्ञ अरविंद जामखेडकर आणि पूर्णवादाचे प्रवर्तक रामचंद्र प्रल्हाद पारनेरकर यांची आडनावेही याच जिल्ह्यातल्या गावांवरून बनलेली. राशीनकर, भिंगारकर, मिरजगावकर, संगमनेरकर अशी माणसे महाराष्ट्रभर भेटतात, आणि एका आडनावाची म्हणून ती एकमेकांची भाऊबंद असतात असे मुळीच नाही. एकाच गावातून निघालेली ब्राह्मण, शिंपी, सोनार, जंगम घराणी वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळ्या दिशांना गेली आणि सगळ्यांना तेच आडनाव मिळाले.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडच्या उत्तरेत वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात तिथे आलेल्या एका घराण्याने गावाचे नाव घेतले; त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढ्या अटलांटिक ओलांडून गेल्या आणि त्यांच्यातला जॉर्ज अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला. मग त्याच्या नावाने राजधानी झाली, पश्चिम किनाऱ्यावरचे एक राज्य झाले, आणि देशभर तीस-एक परगणे झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर जॉर्ज हा ‘वॉशिंग्टनकर’ होता. अमेरिकेत एका नावाची गावे इतकी आहेत की गावापाठोपाठ राज्याचे नाव उच्चारल्याशिवाय तिथल्या माणसाला चैन पडत नाही. आपण जिथे ‘लांडगा’ किंवा ‘माळवी’ म्हणतो तिथे ते राज्य सांगतात. न्यूयॉर्क राज्यात बॉम्बे नावाचेही एक छोटे गाव आहे. फरक एवढाच की नव्या भूमीत वस्ती करणाऱ्यांनी बहुतेक वेळा आठवणीतली नावे सोबत नेली, आणि आपल्या पूर्वजांनी समोर दिसणाऱ्या झाडाला विचारले.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे, तर नगरचे आणि तिचे नाते सांगायला हवे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये इथेच निघाले. सिंथिया फरार यांनी मुलींच्या शिक्षणासाठी इथे आयुष्य घालवले. ह्यूम, फेअरबँक, ब्रूस ही नावे नगरच्या जुन्या माणसांच्या तोंडी घरच्यासारखी आहेत. इथे सारख्या नावाचा सापळा मोठा आहे. ह्यूम म्हटले की शाळेच्या पुस्तकातले, काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आठवतात. नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमधले ह्यूम ते नव्हेत. ते रॉबर्ट ॲलन ह्यूम, १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले अमेरिकन, नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढणारे, आणि दुष्काळात लोकांसाठी राबणारे. दोघेही एका काळातले, दोघांच्या नावात ॲलन, दोघांचाही भारतावर जीव. विद्यार्थ्याची गल्लत होते यात नवल नाही. वडाळ्याचेही तसेच. फेअरबँक कुटुंबाचे वडाळा हे नेवासे तालुक्यातले वडाळा बहिरोबा, मुंबईतले वडाळा नव्हे.

टिळकांच्या बाबतीत तर मला दरवेळी थांबून सांगावे लागते. महाराष्ट्रात नुसते टिळक म्हटले की लोकमान्य. नगरात मात्र दुसरे टिळकही तितकेच घरचे आहेत: नारायण वामन टिळक, १८६१ ते १९१९, ज्यांनी मराठी ख्रिस्ती कवितेला अभंगाचे रूप दिले, आणि ज्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ अजून घरोघरी वाचले जाते. शिवाय श्रीरामपूरजवळ टिळकनगर आहे. १९३३ मध्ये महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी तिथला साखर उद्योग उभा केला. डहाणूचे नाव लावणारा माणूस येतो आणि जिथे कारखाना उभा करतो ती वस्ती दुसऱ्याच माणसाच्या नावाने ओळखली जाते. आणि श्रीरामपूर? तेही एकटे नाही. हुगळीकाठच्या श्रीरामपुरात विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. मराठी ग्रंथसूचीत ‘श्रीरामपूर’ दिसले आणि तारीख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाची असली, तर ते बंगालचे, आपले नव्हे.

जुन्या काळातला याहून अवघड गुंता चांगदेवांचा. पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवणारे, मुक्ताबाईंना गुरू करणारे ते चांगदेव वटेश्वर. महानुभावांचे चांगदेव राऊळ वेगळे, पंथाच्या परंपरेत त्यांचे स्थान वेगळे. आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचे गावच आहे. एका नावाचे दोन पुरुष आणि एक गाव. आख्यायिकांनी त्यांची इतकी सरमिसळ केली की चमत्कार कोणाचा आणि मठ कोणाचा हे निवडत बसणे हेच कित्येक अभ्यासकांचे आयुष्यभराचे काम झाले. माझ्या मते या शास्त्राची पहिली शिकवण इथेच आहे. नाव सारखे दिसले की आधी वेगळे करायचे. नाते जोडायचे ते मागाहून, पुराव्यानिशी.

आता भंडारदऱ्याला चला. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९१० मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन होऊन ते विल्सन धरण झाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर दुसरे विल्सन धरण उभे राहत होते. काम १९१८ ते १९२४, नाव अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे. दोन वर्षांच्या अंतराने पुरी झालेली दोन धरणे, दोन विल्सन, आणि एकमेकांशी काही संबंध नाही. त्यात मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी तिसरे. कोणा हौशी माणसाने तिन्ही विल्सन एक करून लिहिले तर ते ओळखायला तारखा लागतात, दुसरे काही लागत नाही. अकोल्याच्या आदिवासी पाड्यांवर मात्र विल्सन कोणीच म्हणत नाही. धरण भंडारदऱ्याचे, आणि नाव टिकले ते दऱ्याचे.

लोकांच्या तोंडचे नाव आणि पाटीवरचे नाव यांची अशीच ताटातूट शाह डोंगरावर दिसते. नगरच्या पूर्वेला डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत म्हणजे मुर्तजा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याची कबर. सगळे नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणते. मोगलांशी किल्ला लढवणारी चांदबिबी लोकांच्या मनात इतकी खोल बसली की वजिराची कबर तिच्या नावावर झाली. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे चूक आहे. पण लोकांनी तिला एवढे मोठे घर दिले, याची नोंदही आपल्याच वहीत व्हायला हवी.

आणि खुद्द नगर. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि चार-एक वर्षांनी सीनाकाठी शहर वसवायला घेतले. त्याला अहमदनगर हे नाव दिले. त्याच्याआधी गुजरातच्या अहमदशाहाने १४११ मध्ये अहमदाबाद वसवले होते, आणि त्या शहराच्या पायाभरणीला चार अहमद हजर होते अशी कथा तिथे सांगतात. याच अहमदशाहाने १४२६ मध्ये हातमती नदीकाठी आणखी एक शहर वसवले, त्याचेही नाव अहमदनगर. म्हणजे दोन अहमदनगरे, दोन वेगळे अहमद. गुजरातचे अहमदनगर १९१२ मध्ये ईडरच्या राजाने आपल्या युवराजाच्या नावाने हिंमतनगर केले. आपले अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. चारशेहून अधिक वर्षे एका नावाची ही जोडगावे आता नाव बदलूनही एका बाबतीत जोडच राहिली आहेत: दोन्ही पुन्हा माणसांच्याच नावाची.

अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, १७२५ सालच्या, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरात जन्मलेल्या. त्यांना मिळालेले होळकर हे आडनाव नीरेकाठच्या होळ या खेड्याचे. मल्हारराव होळ सोडून बाहेर पडले नसते तर होळकर झाले नसते. आता ही साखळी पाहा. होळ नावाच्या खेड्यातून एक आडनाव निघाले, ते माळव्यात राज्य करू लागले, चौंडीच्या लेकीने ते उजळले, आणि तीनशे वर्षांनी तिचे नाव ती जिथली लेक त्या जिल्ह्याला मिळाले. इंदूरच्या विमानतळाला, तिथल्या विद्यापीठाला आणि सोलापूरच्या विद्यापीठालाही तिचेच नाव आहे. पुढच्या शतकातला अभ्यासक कागदावर ‘अहिल्या’ वाचून विचारील, कोणती? चौंडीची वाट त्याला आपणच आखून ठेवायला हवी. जुनी कागदपत्रे, १८८४ चे गॅझेटियर, सातबारा, जन्मदाखले यांत अहमदनगर राहणार आहे. पुढच्या नोंदींत अहिल्यानगर असेल. एकच गाव दोन नावांनी आणि एकच नाव दोन गावांना, अशा दोन्ही बाजूंनी नोंद ठेवणारा कोश कोणीतरी करायला घ्यावा, अशी माझी तळमळ आहे. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आपल्या तालुक्याची गावे, प्रत्येकाचे शेपूट, म्हाताऱ्यांच्या तोंडचे रूप, पाटीवरचे रूप, देवळातल्या शिलालेखातले रूप, एवढे एका वहीत उतरवले तरी काम पुढे सरकेल.

हे काम किती मागे जाऊ शकते, ते प्रवरेच्या डाव्या तीरावर दिसते. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादचे पांढरीचे टेकाड शोधले. शोध लावणाऱ्याच्या नावात वाईजवळची बोपर्डी. टेकाडाच्या नावात फारसीतले ‘दायम’, कायमचे. हे नाव ज्यांनी दिले त्यांच्याआधी अडीच-तीन हजार वर्षे ती वस्ती उठून गेली होती. उत्खननात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या भाजक्या मातीच्या बटणासारख्या छोट्या मुद्रा मिळाल्या. नगर जिल्ह्यात कोणी काही लिहिल्याची ही सर्वांत जुनी खूण. ती अजून कोणाला वाचता आलेली नाही. वाचता येईल तेव्हा कदाचित तिथे एक नाव निघेल, आणि मग पहिला प्रश्न हाच असेल, की हे माणसाचे की गावाचे.